ऑपरेशनची 'मॉक टेस्ट': सर्जन पहिला टाका कुणावर शिकतात?

लातूर आणि नांदेडमधल्या कुठल्याही अकरावी-बारावीच्या मुलाला विचारा, नीटची तयारी कशी चाललीय? उत्तर ठरलेलं असतं. आठवड्याला टेस्ट, टेस्टनंतर चुकांची उजळणी, मग पुन्हा टेस्ट. 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला तो याच सरावामुळे. खऱ्या परीक्षेत होणारी चूक आधी सराव परीक्षेत होऊ द्यायची आणि तिथेच ती दुरुस्त करायची, इतकं साधं त्याचं सूत्र आहे.

हाच मुलगा पुढे डॉक्टर होतो, सर्जरीला प्रवेश घेतो आणि त्याच्या हातात सुई येते. तेव्हा त्याची सराव परीक्षा कुठे होते? पहिला टाका, पहिली गाठ, दुर्बिणीतून केलेलं पहिलं काम, हे सगळं तो कुणावर शिकतो?

बराच काळ या प्रश्नाचं उत्तर होतं, 'रुग्णावर'. त्यातही सरकारी रुग्णालयात आलेल्या रुग्णावर. हे उत्तर बदलण्यासाठी जगभर जी पद्धत वापरली जाते, तिला सिम्युलेशन म्हणतात.

सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर खऱ्या कामासारखी परिस्थिती तयार करून, कुणालाही धोका न होता केलेला सराव. सर्जरीत त्याचे अनेक प्रकार आहेत.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे दोरी. सर्जरीचे विद्यार्थी खुर्चीच्या हाताला किंवा पलंगाच्या दांडीला दोरा बांधून गाठी मारत बसतात, ते सिम्युलेशनच. त्यानंतर येतात फोमचे किंवा सिलिकॉनचे कृत्रिम त्वचेचे तुकडे, ज्यांवर टाके घालता येतात. खाटकाकडून आणलेलं बोकडाचं आतडं जोडायला शिकणं, बोकडाच्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा सराव करणं, हा पुढचा टप्पा. देहदानातून मिळालेल्या मृतदेहावर सराव होतो, पण फॉर्मालिनमध्ये ठेवलेली शरीरं ताठर होतात, त्यामुळे जिवंत ऊतींचा मऊपणा तिथे जाणवत नाही.

याशिवाय छाती दाबायला, श्वासनलिकेत नळी घालायला, लघवीची नळी टाकायला शिकवणारे पुतळे असतात. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर असतात संगणकावर चालणारे व्हर्च्युअल रिअॅलिटी सिम्युलेटर. त्यांची किंमत लाखांत, काहींची त्याहूनही जास्त.

साधन कोणतंही असलं तरी चुकल्यावर कुणाला इजा होत नाही आणि तेच काम पन्नास वेळा करता येतं, या दोन गोष्टी सगळीकडे सारख्या आहेत.

ही कल्पना परदेशातून आली का?

नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा नववा अध्याय आहे. 'योग्या' म्हणजे सराव. विद्यार्थ्याने कोणतं काम कशावर शिकावं, याची अक्षरशः यादी त्यात आहे. छेद घ्यायला कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. खरवडायला केस असलेलं कातडं. टाके घालायला कापड आणि मऊ कातडं. पट्टी बांधायला माणसाचा पुतळा. शास्त्र कितीही पाठ असलं तरी ज्याने हा सराव केलेला नाही तो प्रत्यक्ष कामाला योग्य नाही, असंही हा अध्याय बजावतो.

आधुनिक काळात या विचाराला जोर मिळाला तो विमानांमुळे. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक यांनी जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारं यंत्र बनवलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यावर तयार झाले.

सर्जरी मात्र वेगळ्या वाटेने गेली. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी निवासी डॉक्टरांची पद्धत सुरू केली. रुग्णालयातच राहायचं, वरिष्ठांच्या हाताखाली काम करायचं आणि हळूहळू जबाबदारी घ्यायची. 'एक बघा, एक करा, एक शिकवा' हे वाक्य याच परंपरेतून रुळलं. पद्धत यशस्वी ठरली, आजही आपल्याकडे तीच चालते. तिच्यात अडचण एकच, 'एक करा' मधला तो पहिला 'एक' म्हणजे खरा माणूस असतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काय बदललं?

३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. सरकारी रुग्णालयात, सामान्य रुग्णावर. मोठा छेद टळला की माणूस लवकर घरी जातो आणि रोजगारावर लवकर परततो, त्यामुळे ही पद्धत गरिबांसाठी जास्त गरजेची आहे, हा त्यांचा आग्रह होता. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही 'दुर्बिणीचं ऑपरेशन' हा शब्द ओळखीचा झालाय.

पण ही शस्त्रक्रिया शिकायला अवघड असते. उघड्या शस्त्रक्रियेत डोळा थेट जखमेवर आणि हात थेट अवयवावर असतो. दुर्बिणीत तसं नसतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते, ५ ते १० मिलिमीटरच्या छिद्रांतून लांब दांड्यांची उपकरणं आत जातात आणि सर्जन पडद्याकडे बघून काम करतो.

इथे तीन अडचणी येतात. पहिली, साध्या पडद्यावर खोली कळत नाही. दुसरी, बोटांना होणारी स्पर्शाची जाणीव खूप कमी होते. तिसरी सगळ्यात गमतीची. पोटावरचं छिद्र तरफेच्या टेकूसारखं काम करतं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. हात वर केला की टोक खाली.

मेंदूला या उलट्या हालचालींची सवय लागायला वेळ लागतो. ही सवय पुस्तक वाचून लागत नाही, दुसऱ्याचं बघूनही लागत नाही. हातानेच करावं लागतं. मग ते सुरुवातीचे अडखळते तास भूल दिलेल्या रुग्णाच्या पोटात का घालवायचे?

डब्यातला सराव कसा चालतो?

याचं उत्तर आहे 'बॉक्स ट्रेनर'. एक बंद डबा, वरच्या बाजूला छिद्रं, आत कॅमेरा आणि दिवा, बाहेर पडदा. छिद्रांतून खरी उपकरणं आत घालायची आणि पडद्याकडे बघत काम करायचं.

अमेरिकेतल्या सर्जनांच्या 'सेजेस' या संघटनेने २००४ मध्ये यासाठी एक ठरलेला अभ्यासक्रम आणला. त्यात हाताच्या पाच परीक्षा आहेत. पहिल्या परीक्षेत सहा छोट्या वस्तू एका हाताच्या चिमट्याने उचलायच्या, हवेतच दुसऱ्या हाताच्या चिमट्यात द्यायच्या, दुसऱ्या बाजूच्या खुंट्यांवर ठेवायच्या आणि पुन्हा परत आणायच्या. दुसरीत कापडावर काढलेलं वर्तुळ रेषेवरूनच कापायचं. उरलेल्या तीन परीक्षा फास अडकवण्याच्या आणि दोन पद्धतींनी टाका घालून गाठ मारण्याच्या. प्रत्येक कामाची वेळ मोजली जाते आणि चुकांचे गुण कापले जातात.

हा डबा महागच हवा असं नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, मोबाइलचा कॅमेरा, एलईडी दिवा आणि वापरून बाद झालेली उपकरणं एवढ्यावर जगभरातल्या निवासी डॉक्टरांनी असे डबे घरी बनवले आहेत. वस्तू म्हणून साबुदाण्याऐवजी शेंगदाणे, रबराच्या रिंगा, मणी, काहीही चालतं.

रुग्णाला याचा खरंच फायदा होतो का?

डब्यात शेंगदाणे उचलता आले म्हणून पित्ताशय नीट काढता येईल, हे कशावरून? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर अभ्यास झालेत.

- २००२ मध्ये येल विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट केले होते. एका गटाने आधी सिम्युलेटरवर सराव केला, दुसऱ्याने केला नाही. मग दोघांनीही खऱ्या रुग्णांवर पित्ताशय सोडवण्याचं काम केलं. सराव केलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला. सराव न केलेल्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजली जाण्याची शक्यता पाचपट होती.
- २०११ मध्ये मेयो क्लिनिकने दुर्बिणीच्या हर्निया शस्त्रक्रियेवर ५० निवासी डॉक्टरांचा अभ्यास मांडला. एका गटाला ठरावीक पातळी गाठेपर्यंत सिम्युलेटरवर सराव करायला लावला होता. त्या गटाच्या रुग्णांमध्ये गुंतागुंत कमी झाली आणि रात्रभर रुग्णालयात राहावं लागण्याचं प्रमाणही घटलं.
- आफ्रिकेतल्या काही देशांमध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या ५० डॉक्टरांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. कृत्रिम डोळ्यांवर आधी कसून सराव केलेल्यांच्या हातून भिंगामागचा पडदा फाटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.

आपल्या शेजारचं उदाहरण बेळगावचं आहे. ते शस्त्रक्रियेचं नाही, प्रसूतिगृहातलं आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे बाहुलीवर शिकवणारं प्रशिक्षण बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी कर्नाटकातल्या प्रसूती करणाऱ्या ५९९ कर्मचाऱ्यांना दिलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. नवजात बाळांच्या मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. म्हणजे बाहुलीवरचा सराव पहिल्या मिनिटात कामी आला, पण त्यानंतरच्या दिवसांत बाळाला लागणारी काळजी ही वेगळीच गोष्ट आहे.

नियम काय सांगतो?

भारतात एमबीबीएसचा कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम २०१९ पासून सुरू झाला. साधे टाके घालणं, जखमेची निगा, बँडेज, वरवरच्या गळूला छेद देऊन पू काढणं, अपघातग्रस्तावर सुरुवातीचे उपचार ही कामं प्रत्येक एमबीबीएस डॉक्टरला आली पाहिजेत, असं त्यात आहे.

त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२० च्या नियमांत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात 'स्किल्स लॅब' बंधनकारक केली. वर्षाला १०० किंवा १५० विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजसाठी किमान ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा हजार चौरस फूट जागा. २०० किंवा २५० विद्यार्थी असतील तर ८०० चौरस मीटर.

नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था २००२ ची. दोन्हीकडे एमबीबीएसच्या १५० जागा आहेत आणि दोन्हींना हा नियम लागू होतो. धाराशिव, परभणी आणि हिंगोलीतही अलीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. म्हणजे मराठवाड्यात शिकणारे हात वाढतायत आणि त्यांना सराव देण्याची गरजही.

गर्दीच्या रुग्णालयात घोडं कुठे अडतं?

'सरकारी रुग्णालयात रुग्णच इतके असतात की वेगळा सराव कशाला हवा?' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ऐकायला बरोबर वाटतो, पण गर्दी आणि शिकणं या एकाच गोष्टी नाहीत.

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळच्या पुसद-उमरखेडकडचे आणि तेलंगणाच्या सीमेवरचेही रुग्ण येतात. लातूरला धाराशिव, बीड आणि कर्नाटकातल्या बिदरकडून येतात. हा ताण किती टोकाला जाऊ शकतो हे ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाने पाहिलं. नांदेडच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. तो प्रश्न सर्जनच्या हातोटीचा नव्हता, अपुरं मनुष्यबळ, औषधं आणि खाटांवरचा भार यांचा होता. पण त्याच भाराखाली शिकवणंही होत असतं, हे लक्षात घ्यायला हवं.

गर्दीच्या ओटीत पुढचा रुग्ण बाहेर थांबलेला असतो. वरिष्ठांना काम लवकर संपवायचं असतं. शिकाऊ डॉक्टर अडखळला की उपकरण त्याच्या हातातून काढून घेतलं जातं, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेच योग्य असतं. पण मग त्याची गाठ नेमकी कुठे चुकली, हे सांगायला नंतर कुणाला वेळ नसतो. मध्यरात्री अपघात विभागात उलट घडतं. मळणी यंत्रात हात अडकलेला शेतकरी समोर असतो आणि टाके घालायला सगळ्यात कनिष्ठ डॉक्टर. तिथे कामं भरपूर मिळतात, पण चूक दाखवणारं कुणी शेजारी नसतं. चूक कळलीच नाही, तर शंभर टाके घालूनही तीच चूक शंभर वेळा पक्की होते.

पुढचा टप्पा तर आणखी एकाकी. सरकारी कॉलेजमधून बाहेर पडलेल्या एमबीबीएस डॉक्टरला बाँडची सेवा करावी लागते, ती बऱ्याचदा ग्रामीण भागात असते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. तिथे 'सर, जरा बघता का?' म्हणायला हाकेच्या अंतरावर सर असतीलच असं नाही.

मग लॅब बांधली की झालं?

इथेच खरी मेख आहे. खोली आणि पुतळे ही खरेदीची बाब आहे. तिथे जायला वेळ मिळणं आणि तिथे शिकवणारा माणूस असणं, ही वेळापत्रकाची बाब आहे. सकाळी राउंड, मग ओपीडी, मग ओटी, मग रात्रीची ड्युटी असा दिवस असलेला निवासी डॉक्टर लॅबचं कुलूप उघडायला कधी जाणार?

मग यावर तोडगा म्हणून वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा घेतली जाते. फोटो निघतात, प्रमाणपत्रं मिळतात. पण टोरंटो विद्यापीठाच्या २००६ मधल्या एका अभ्यासाने यातली अडचण दाखवली. ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांना अतिशय बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. एका गटाला चारही सत्रं एकाच दिवशी, दुसऱ्याला आठवड्याला एक अशी चार आठवडे. महिन्याभराने परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याला एक सत्र घेतलेला गट स्पष्टपणे पुढे होता. वेळ दोघांनाही तेवढाच मिळाला होता, तो फक्त वेगळा वाटून दिला होता.

गर्दीच्या रुग्णालयासाठी ही चांगली बातमी आहे. कारण अख्खा दिवस काढणं अवघड असलं तरी आठवड्याला एक तास काढता येतो. त्यासाठी काही गोष्टी लागतात.

- सराव हाताशी हवा. दुसऱ्या इमारतीतल्या कुलूपबंद खोलीपेक्षा ड्युटी रूमच्या कोपऱ्यातला साधा डबा जास्त वापरला जातो.
- तास ड्युटीत धरलेला हवा. त्या वेळेत वॉर्डचा फोन दुसरा कुणीतरी घेईल, हे विभागप्रमुखाने लिहून ठरवलेलं हवं. नाहीतर तो तास पहिल्याच आठवड्यात वॉर्डात जातो.
- चूक दाखवणारा हवा. तो दरवेळी प्राध्यापकच असायला पाहिजे असं नाही. तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला शिकवू शकतो. मोबाइलवर सरावाचा व्हिडिओ काढून वरिष्ठांना संध्याकाळी दाखवता येतो.
- मोजमाप हवं. ऊती किती जपून हाताळल्या, वेळ आणि हालचाली वाया गेल्या का, उपकरण नीट धरलं का, अशा मुद्द्यांवर गुण देणारी एक तपासणी यादी टोरंटोमध्येच १९९७ मध्ये तयार झाली आणि ती जगभर वापरतात. ती एका कागदावर मावते.
- पातळी गाठल्याशिवाय पुढे नाही. तास मोजून उपयोग नसतो. कुणाला पाच तासांत जमेल, कुणाला पंधरा लागतील. डब्यात गाठ घट्ट बसली की मगच ओटीत गाठ.

सिम्युलेशनला काय जमत नाही?

बरंच काही. डबा रक्तस्राव करत नाही. लठ्ठ रुग्ण, आधीच्या शस्त्रक्रियेने चिकटलेली आतडी, ऐनवेळी गेलेली वीज, घाबरलेले नातेवाईक, हे सगळं डब्यात येत नाही. शस्त्रक्रिया करायची की नाही आणि अर्ध्यावर थांबून मोठा छेद कधी घ्यायचा, हा निर्णय फक्त अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहूनच शिकता येतो.

आणि रिक्त पदं, औषधांचा तुटवडा, अपुऱ्या खाटा यांवर सिम्युलेशन हा उपाय नाही. पुतळे घेतले म्हणून नर्स भरायच्या राहिल्या तरी चालेल, असं होत नाही. सिम्युलेशनचं काम मर्यादित आहे. शिकण्यातला सगळ्यात कच्चा, सगळ्यात धोक्याचा सुरुवातीचा भाग ते रुग्णाच्या शरीरावरून उचलून टेबलावर आणतं.

रुग्ण म्हणून तुम्ही काय विचारू शकता?

शिकवणाऱ्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर असणारच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट तिथे चोवीस तास डॉक्टर असतात ते त्यांच्यामुळेच. आणि आज कुणीच शिकलं नाही तर दहा वर्षांनी मराठवाड्यात ऑपरेशन करणार कोण?

पण शस्त्रक्रियेआधी संमतीपत्रावर सही करताना माहिती विचारणं हा तुमचा हक्क आहे. ऑपरेशन कोण करणार? वरिष्ठ डॉक्टर ओटीत हजर असतील का? दुर्बिणीतून जमलं नाही तर पुढे काय? हे प्रश्न शांतपणे विचारता येतात. समजत नसेल तर मराठीत पुन्हा सांगा, असंही म्हणता येतं.

आणि एक प्रश्न रुग्णाने एकट्याने विचारायचा नाही, तो लोकप्रतिनिधींनी आणि आपण सगळ्यांनी विचारायचा आहे. स्किल्स लॅब उघडली का, एवढ्यावर न थांबता, गेल्या महिन्यात तिथे किती निवासी डॉक्टरांनी किती तास सराव केला? कारण मुंबई-पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयात जाण्याची ऐपत असलेला माणूस डॉक्टर निवडू शकतो. विष्णुपुरीत किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात रात्री दोनला पोचलेल्या माणसाला निवड नसते. त्याच्या वाट्याला जो हात येईल, त्याचा पहिला प्रयत्न आधीच दुसरीकडे कुठेतरी होऊन गेलेला असावा, एवढीच ही मागणी आहे.